पॅसाव्हंटांनी पुढे व्हावं

१

आमच्या अपर डिनहोप गावात मी कुठल्याही दारापाशी पोचले की लोक मागे सरतात. टपाल कचेरी असो, दवाखाना असो, नाहीतर चर्च. आधी आलेला माणूससुद्धा दोन पावलं बाजूला होतो आणि म्हणतो, "तू हो पुढे, विनी." दार मात्र कुणी उघडून देत नाही. ते मीच ढकलायचं, आत पहिलं पाऊल मीच टाकायचं, आणि मग माझ्यामागून सगळे. त्रेसष्ट वर्षं मी याला गावाची रीतभात समजत आले. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेली बाई मी. पोरांना रांगेत उभं करताना मी त्यांना गावाचं हे उदाहरण द्यायचे! आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आमचं आडनाव पॅसाव्हंट. अख्ख्या परगण्यात या नावाचं दुसरं घर नाही, आणि आमच्या घरातही मी आणि माझा थोरला भाऊ क्लेम, दोघंच उरलो होतो, दोघंही बिनलग्नाचे. वडील सांगायचे, हे नाव नॉर्मन सैन्याबरोबर इंग्लंडात आलं. आपला मूळपुरुष म्हणे घोडदळाच्या पुढे निशाण घेऊन चालायचा, म्हणून सुगीच्या जेवणात पहिलं ताट आपलं. क्लेम लहानपणी काठीला उशीचा अभ्रा बांधून आमच्या कोंबड्यांच्या पुढे ऐटीत चालायचा. कोंबड्या अर्थातच दुसरीकडे जायच्या.

चौऱ्याऐंशी साली चर्चची दफनभूमी भरली. कुंपणापलीकडचं ऑब्री स्टेन्सचं शेत घेतलं, आणि सप्टेंबरात बिशपनी येऊन ते पवित्र केलं. फाटक क्लेमने बनवलं, ओकचं, पाच आडव्या पट्ट्यांचं. सुतारकाम करणाऱ्या क्लेमचं ते शेवटचं काम, कारण चाळीस वर्षांचा लाकडाचा भुसा त्याच्या फुप्फुसांत बसला होता. शेजारी मेंढ्या चरतात, त्यामुळे फाटक आपोआप मिटलं पाहिजे, म्हणून त्याने वरची बिजागरी जरा बाहेर काढून बसवली होती. हात सोडला की फाटक धाडकन बंद. शवपेटी आत न्यायची तर कुणीतरी ते धरून उभं राहणं भाग होतं. आमच्याकडे सगळी फाटकं अशीच असतात, त्यात विशेष काही नव्हतं.

विशेष हे होतं, की पाच ऑक्टोबरला डॉर्कस टिलब्रुक वारली आणि नोव्हेंबर लागला तरी तिला पुरलं नव्हतं.

मी तिच्या मुलीला, मॅव्हिसला, दुकानात गाठलं. म्हटलं, "अगं, तारीख तरी सांग. सँडविचं मी करणार आहे ना?"

"अजून ठरलं नाही, विनी आंटी," ती खाली बघत म्हणाली. मग एकदम वर बघून तिने विचारलं, "क्लेम अंकल कसे आहेत?"

२

क्लेम कसा आहे, हे गावाला कधीपासून इतकं जाणून घ्यावंसं वाटायला लागलं होतं, ते मला कळेना. चाळीस वर्षं त्याने या लोकांच्या खिडक्या बसवल्या, तेव्हा एकाने त्याला चहा विचारला नव्हता. आता रोज दारावर टकटक. सोमवारी कोंबडीचं सूप, मंगळवारी मटणाचा स्ट्यू, बुधवारी आल्याचा केक. भांडं माझ्या हातात द्यायचं आणि माझ्या खांद्यावरून आत, त्याच्या खुर्चीकडे बघायचं.

"खोकला वाढलाय का गं?"

"रात्री झोप लागते का त्याला?"

"डॉक्टर काय म्हणाले? म्हणजे, किती..."

"किती काय?" मी विचारलं. विचारणारी टपाल कचेरीतली बाई लाल झाली आणि केक ठेवून पळाली.

अशात गावचा म्हातारा लोहारही गेला. मला वाटलं, आता तरी दोन्ही अंत्यविधी होतील. नाही. तोही हेरफर्ड रस्त्यावर दफनाची व्यवस्था बघणाऱ्याच्या थंड खोलीत डॉर्कसच्या शेजारी जाऊन पडला. नवं शेत तयार, गवत कापलेलं, खणणारा माणूस बिनकामाचा बसलेला, आणि दोन मेलेली माणसं तिकडे ताटकळत. मी शहाणी बाई आहे, भलतंसलतं डोक्यात घेणारी नव्हे. आधी म्हटलं, नातेवाईक लांबून यायचे असतील. मग म्हटलं, दगड घडवणारा आजारी असेल. पण डॉर्कसचे सगळे नातेवाईक एका गल्लीत राहतात, आणि दगड घडवणारा मला रोज सकाळी सायकलवर दिसायचा.

शनिवारी मी खिडकीतून बघितलं तर रस्त्यापलीकडे भिंतीला टेकून चारपाच जण उभे होते. बोलत नव्हते. आमच्या घराकडे बघत होते. आत क्लेमला खोकल्याची जोराची उबळ आली, आणि बाहेर त्या सगळ्यांनी एकदम टोप्या काढल्या. मी खिडकी उघडून ओरडले, "मेला नाही तो अजून! चालते व्हा!"

त्यांनी टोप्या परत घातल्या. एकालाही लाज वाटल्याचं दिसलं नाही.

३

सोमवारी मी तडक चर्चमध्ये गेले. आमचे धर्मगुरू रेव्हरंड पिम कोवळे होते, बर्मिंगहमहून येऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं. मी म्हटलं, "दोन माणसं पुरायची सोडून तुम्ही काय करताय?"

"घरचेच म्हणतात थांबा, मिस पॅसाव्हंट. दुःखाची ज्याची त्याची पद्धत असते." आणि त्यांचा चेहरा खुलला. "पण बरं झालं तुम्ही आलात! तुमच्यासाठी एक गंमत शोधून ठेवलीय. तुमच्या आडनावाचं मूळ!"

त्यांनी जुन्या जमीनदारी कागदांची नक्कल टेबलावर पसरली. मला म्हणाले, "तुमचं निशाणबिशाण विसरा. नॉर्मन सैन्यात या नावाचं कुणी नव्हतं. तुमचे पूर्वज इथलेच, मेंढ्यांची लोकर कातरणारे. मोठ्या साथीच्या वर्षापर्यंत त्यांना कसलंच आडनाव नाही. त्या वर्षी चर्चला पहिल्यांदा जादा जमीन घ्यावी लागली, आणि त्याच वर्षी कारकून त्याच्या फ्रेंचमध्ये लिहितो, 'वॉल्टर, ज्याला आता गाव पॅसाव्हंट म्हणतं.' म्हणजे बघा, हे नाव तुमच्या लोकांनी आणलेलं नाही. गावाने दिलंय."

"अर्थ काय पण त्याचा?"

"'पुढे हो.' बस, एवढंच! नाव नव्हेच ते, कुणीतरी कुणाला तरी दिलेली हाक आहे. किती गोड ना?"

मला काही गोड वाटलं नाही. मी विचारलं, "आणि त्या वॉल्टरचं पुढे काय झालं?"

"त्याच ओळीत आहे. नव्या जमिनीत पुरलं त्याला. पहिलाच."

मी त्यांच्याकडून दफनाच्या नोंदवह्या मागून घेतल्या आणि तिथेच बसले. चर्चची ती मागची खोली लहान आणि थंड होती, भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज तेवढा मोठा. सतराशे एक्याण्णवमध्ये जमीन वाढवली, पहिलं नाव जोसाया पॅसाव्हंट. अठराशे अडुसष्टमध्ये वाढवली, पहिली एस्थर पॅसाव्हंट, वय एकोणीस. एकोणीसशे एकवीसमध्ये वाढवली, पहिला सायलस पॅसाव्हंट, आमच्या वडिलांचा धाकटा भाऊ, वय चोवीस. रेव्हरंड पिमना एवढं दिसलं होतं आणि त्यात त्यांना मानाची परंपरा वाटत होती. त्यांनी तारखा मात्र बघितल्या नव्हत्या. मी आयुष्यभर आठवड्याचे जेवणाचे तक्ते केलेत, वार आणि तारखा माझ्या नजरेतून सुटत नाहीत. जमीन मंगळवारी पवित्र झाली आणि सायलस शनिवारी पुरला गेला, शिडीवरून पडून. अख्खं महायुद्ध लढून धडधाकट परत आलेला माणूस, सफरचंदाच्या झाडाच्या शिडीवरून! एस्थर बुधवारनंतर तिसऱ्या दिवशी, गिरणीच्या तळ्यात. जोसायाच्या पुढे कारण लिहिण्याची तसदीही कुणी घेतली नव्हती.

घरी येऊन मी आल्याचा केक चुलीत टाकला. स्ट्यूसुद्धा.

४

रागाने माणसाची बुद्धी जाते म्हणतात. म्हणून मी दुसऱ्या दिवशी, दुपारी बारा वाजता, चांगल्या उजेडात एकवीस सालच्या जमिनीत गेले. आईवडील तिथेच आहेत, दर आठवड्याला मी जाते. त्या दिवशी मात्र मी फाटकाकडे बघायला गेले होते. आदल्या दिवशी चर्चमधून घरी येताना माझ्या डोक्यात एक गोष्ट घुसली होती, की तेही फाटक आपोआप मिटणारं आहे, लोखंडी, जड. आणि इतक्या वर्षांत दोन्ही हातांत फुलं, पाण्याची झारी घेऊन मी त्यातून गेलेय. ते मी कधी धरलेलं नाही, आणि ते एकदाही माझ्या टाचेवर आपटलेलं नाही.

मी फाटक ढकललं आणि आत न जाता हात काढला. धाडकन मिटलं. पुन्हा ढकललं, धाडकन. मग ढकलून मी आत गेले, सावकाश, मुद्दाम रेंगाळत. फाटक उघडंच राहिलं. मी चार पावलं पुढे गेल्यावर माझ्यामागे ते हळूच मिटलं, आजारी माणसाच्या खोलीचं दार मिटावं तसं.

माझं डोकं लगेच कामाला लागलं. उंबऱ्याची फरशी सैल असेल, पावलाच्या भाराने बिजागरी अडत असेल. म्हणून मी फरशीवर उभी राहून झारी आत सरकवली. फाटक झारीवर येऊन आदळलं, तिला पोचा पडला. पुन्हा स्वतः गेले. उघडं राहिलं.

बारीक पाऊस पडत होता. वरच्या लोखंडी दांडीवर थेंबांची ओळ लटकली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. मी तिसऱ्यांदा आत गेले आणि या खेपेला झटकन मागे वळले. दांडीच्या टोकाला चार ठिकाणी थेंब नव्हते. चार बोटं मावतील एवढ्या जागा, शेजारीशेजारी. आणि फाटक स्थिर नव्हतं. बारीक थरथरत होतं. मी शाळेत मोठी पातेली उचललीत, खूप वेळ जड वस्तू धरून ठेवली की हात कसा थरथरतो ते मला माहीत आहे.

"सायलस?" मी म्हटलं.

फाटक मिटलं. मी बराच वेळ आतच उभी राहिले, कारण बाहेर पडायचं तर पुन्हा त्यातूनच जायचं होतं. भीती वाटली, ती वाटलीच. पण त्याहून जास्त तळपायाची आग मस्तकाला गेली होती. त्रेसष्ट वर्षं! चोवीस वर्षांचा पोरगा त्रेसष्ट वर्षं तिथे उभा, आणि गाव त्याच्यासमोरून गप्पा मारत जातंय.

५

क्लेम खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, मांडीवर घोंगडी. मी कोट न काढताच त्याच्यासमोर उभी राहिले.

"तुला माहीत होतं?"

त्याने विचारलंसुद्धा नाही काय ते. "बारा वर्षांचा होतो तेव्हा बाबांनी सांगितलं."

"आणि मला नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू गाव जाळलं असतंस, विनी."

"जाळलंच असतं! अजूनही जाळीन. काय सांगितलं बाबांनी?"

"एवढंच, की नव्या जमिनीत जो पहिला जातो त्याला फाटक धरावं लागतं. बाकीच्यांसाठी." त्याने श्वास घ्यायला थांबून पाणी मागितलं. "आणि ते कुणालाच नको असतं."

"किती दिवस?"

"पुढच्या जमिनीत पहिला जाईपर्यंत असेल. कुणी येऊन सांगितलंय थोडंच?"

"आणि तू मूर्खासारखं त्यांना फाटक करून दिलंस?"

"ज्याला धरायचंय त्याने नीट करावं म्हटलं," तो हसला, आणि हसण्याची उबळ झाली. ती थांबेपर्यंत मी त्याची पाठ चोळत राहिले. त्याच्या कोटातूनही बरगड्या हाताला लागत होत्या. मी मनात म्हटलं, हा थट्टेवारी नेतोय म्हणजे याला विशेष काही वाटत नाही.

उबळ ओसरली तेव्हा त्याने माझं मनगट घट्ट धरलं. त्याचा आवाज बदलला होता. "विनी, मला उभं राहवत नाही गं. दहा मिनिटंसुद्धा नाही. परवा मोरीपर्यंत गेलो तर भिंतीला धरून रडलो मी. मी कसा उभा राहू? इतकी वर्षं?"

माझ्या भावाला मी आईच्या दफनालाही रडताना बघितलं नव्हतं.

"नाही राहणार तू उभा," मी म्हटलं. "ऐकलंस? मी शब्द देते तुला. तू उभा राहणार नाहीस."

"काय करशील?"

"ते मी बघते. आता सूप पी. मी केलंय, त्या सटव्यांनी नाही."

६

ऑब्री स्टेन्स गुरुवारी आला. तो चर्चचा विश्वस्त, आणि बालवाडीपासून माझ्या वर्गातला. दाराबाहेरच उभा राहिला, मीही त्याला आत बोलावलं नाही.

"विनी, डॉर्कसला सहा आठवडे झाले," तो म्हणाला.

"मग पुरा की तिला. कुणी हात धरलाय?"

"तुला माहितीय."

"हो, आता माहितीय. सायलसला शिडीवरून कुणी ढकललं, ऑब्री? तुझ्या आजोबांनी का?"

त्याने मान खाली घातली नाही, हे मला जास्त लागलं. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "आम्ही आता तसे नाही राहिलो. तूच बघ ना. कुणी क्लेमच्या केसाला धक्का लावला का? आम्ही वाट बघतो."

शहाण्या माणसांनो, तो हे अभिमानाने म्हणाला. शाबासकी मागावी तसं! मी दार त्याच्या तोंडावर आपटलं.

क्लेम पुढच्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता गेला, खुर्चीत, माझ्या हातात हात ठेवून. शेवटी विशेष त्रास झाला नाही. मी खिडकीचे पडदेही ओढले नाहीत, पडदे ओढले की गावाला कळलं असतं. टेलिफोनवरून मी हेरफर्डच्या विद्युतदाहिनीची माहिती घेतली आणि परगावची गाडी मागवली. शुक्रवारी दुपारी ती मागच्या गल्लीतून आली. माझ्या भावाला मातीत जागाच द्यायची नाही, म्हणजे पहिला यायचा प्रश्नच मिटला. तिथल्या त्या स्वच्छ, उबदार खोलीत मी एकटी बसले होते, कुठलंतरी ऑर्गनचं संगीत लागलं होतं, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, की मला जिंकल्यासारखं वाटलं. राख मी घरी आणली आणि त्याच्या खुर्चीत ठेवली. बसवून ठेवलाय, उभा नाही, असं मनात म्हटलं.

शनिवारी गावाला कळलं. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, खिडकीवर दगड येतील. काही नाही. उलट मॅव्हिस आली आणि शांतपणे म्हणाली, "सोमवारी अकरा वाजता आईला नेतोय, विनी आंटी. तुम्ही याल ना?"

"आता कशी तारीख ठरली?"

"ऑब्री अंकल म्हणाले, आता हरकत नाही."

मी मनात म्हटलं, हरले. माझ्यापुढे हरले सगळे. आणि तिच्या आईसाठी मी अंडं-काकडीची चाळीस सँडविचं केली.

७

सोमवारी ऊन पडलं होतं. शवपेटी सहा जणांच्या खांद्यावर, पुढे रेव्हरंड पिम पुस्तक घेऊन, मागे साठसत्तर माणसं. मी ताठ मानेने मधोमध चालत होते. मला एकच बघायचं होतं, की फाटक धरायला या भित्र्यांपैकी कोण पुढे होतो.

कुणीच झालं नाही. रेव्हरंडनी फाटक ढकललं आणि वाचत वाचत आत गेले. ते मिटायला हवं होतं. क्लेमने बसवलेली बिजागरी होती, मी स्वतः ते फाटक दहादा धाडकन मिटताना बघितलं होतं. ते उघडंच राहिलं. शवपेटी आत गेली. मग माणसं जायला लागली, एकामागून एक. आणि प्रत्येक जण फाटकाच्या टोकापाशी, जिथे कुणीही नव्हतं तिथे, किंचित मान झुकवत होता. बायकासुद्धा.

ऑब्री माझ्या पुढे होता. त्याने टोपी काढली आणि त्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाला, "आभारी आहोत, क्लेम."

मी त्याची बाही धरली. "तो इथे नाहीये. तो घरी आहे. मी त्याला जाळलाय, ऑब्री!"

"मातीत गेला काय, राख झाली काय," तो हळूच म्हणाला. "नाव तर तेच ना, विनी." आणि तो आत गेला.

रांग माझ्या दोन्ही बाजूंनी पुढे सरकत राहिली. मी तिथेच उभी. आधी मला वाटलं, फाटक वाऱ्याने हलतंय. पण वारा नव्हता. वरची ओकची पट्टी थरथरत होती, आधी बारीक, मग जास्त. मी चर्चच्या घड्याळाकडे बघितलं. पेटी आत जाऊन आठ मिनिटं झाली होती आणि अजून अर्धी माणसं यायची होती. आपली म्हातारी माणसं, रमतगमत, एकमेकांच्या संधिवाताची चौकशी करत. फाटक दोनतीन बोटं मिटलं आणि पुन्हा कष्टाने मागे गेलं. आणि मग मी तो खोकला ऐकला. तीन वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेला, दाबून ठेवलेला, कुणाला त्रास नको म्हणून तोंडावर बाही धरून खोकलेला. माझ्या हाताच्या अंतरावर.

मला जे वाटलं त्याला भीती म्हणता येणार नाही. इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. त्या गावाचा, त्या कारकुनाचा, "पुढे हो" म्हणून आधी ज्याने म्हटलं त्याचा, आणि स्वतःचा, कारण शब्द मी दिला होता.

मी रांग मोडून पुढे गेले आणि फाटकाच्या पट्टीवर दोन्ही हात ठेवले. लाकूड एका जागी ओलसर होतं, घामेजल्यासारखं.

"सोड, क्लेम," मी म्हटलं. "मी धरलंय. सोड म्हणते ना."

क्षणभर काहीच झालं नाही. मग त्या फाटकाचा सगळा भार माझ्या मनगटांवर आला, आणि तो एका फाटकाचा नव्हता. मी दोन्ही पाय रोवले. माझ्यासमोरून उरलेली माणसं आत गेली, आणि माना झुकवताना एकाचाही डोळा माझ्या डोळ्याला भिडला नाही.

डॉर्कसला मातीत ठेवलं, प्रार्थना झाली. बाहेर पडताना रेव्हरंड पिम माझ्यापाशी थांबले. "मिस पॅसाव्हंट, सगळे बाहेर आले. चला, चहा थंड होईल. सोडा आता ते."

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं. ते गेले.

कारण मी शेताकडे बघत होते. पार खालच्या कुंपणापाशी, न खणलेल्या गवतातून एक माणूस पलीकडे चालला होता. अंगावर सुताराचा करडा कोट. पाठ ताठ होती, पावलं लांब पडत होती, आणि तो खोकत नव्हता. मी हाक मारली नाही. तो अजून कुंपणापर्यंत पोचला नव्हता. माझे हात थरथरायला लागले होते. मी सोडलं असतं, तर त्याला मागे फिरावं लागलं असतं.

मी सोडलं नाही.